कागदावर नसलेला अर्धा तास

हेर्मीन नाइहोफला नव्या कंपनीने काढलं नाही. तिचा एका वर्षाचा करार पुढे वाढवला नाही, एवढंच. मालक युरियानने हा फरक तिला दोनदा समजावून सांगितला. मग २९ एप्रिलच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता ती केक घेऊन कारखान्यात आली, कारण आमच्याकडे निरोपाचा केक जाणाऱ्या माणसानेच आणायचा असतो. घरी भाजलेला लोण्याचा केक, दहा जणांना दहा तुकडे, सगळे एका मापाचे.

"पट्टी लावून कापलास की काय?" एग्बेर्ट लान्सिंकने विचारलं. तो पेस्ट घोटण्याच्या विभागाचा प्रमुख होता.

"सव्वीस वर्षं पुड्या केल्यात मी. माझं माप चुकत नाही," हेर्मीन म्हणाली. "उचल तुझा तुकडा."

त्याने उचलला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. युरियानने छोटंसं भाषण केलं. हेर्मीनशिवाय आपण इथवर आलोच नसतो, असं तो म्हणाला. साडेदहाला सगळे कामाला गेले आणि हेर्मीनने रिकामा ट्रे सायकलच्या टोपलीत ठेवला.

हा कारखाना झटपट फोटोची फिल्म करायचा. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की समोरून फोटो बाहेर येतो आणि हातातल्या हातात उमटतो, ती फिल्म. अशा प्रत्येक फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत चांदीच्या कागदाची एक चपटी पुडी असते आणि तिच्यात खळीसारखी घट्ट पेस्ट. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्यातले दोन रूळ ती पुडी दाबून फोडतात, पेस्ट सगळीकडे सारखी पसरते आणि चित्र उमटतं. एग्बेर्ट पेस्ट करायचा, हेर्मीन ती पुड्यांमध्ये भरून पुड्यांची तोंडं सील करायची. दोघांची यंत्रं एकाच मजल्यावर, मध्ये एक काचेचं दार.

डिजिटल कॅमेरे आले आणि अमेरिकन मालकांनी कारखाना बंद केला, तेव्हा आत तीनशे ऐंशी माणसं होती. यंत्रं भंगारात जायला आठ दिवस उरले असताना हेगहून युरियान आला. वय अडतीस, मोज्यांशिवाय बूट, गळ्यात आजोबांचा जुना झटपट कॅमेरा. असे लाखो कॅमेरे जगभर कपाटांत पडून आहेत, त्यांना फिल्म कोण देणार, असं तो म्हणायचा. त्याने यंत्रं घेतली आणि तीनशे ऐंशींतली दहा माणसं निवडली. हेर्मीन तेव्हा वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कायम नोकरीला होती. ती सोडून एकोणसाठाव्या वर्षी ती एका वर्षाच्या करारावर परत आली. धाकटी बहीण म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." हेर्मीन म्हणाली, "चादरींना सील लागत नाही गं."

पहिल्या आठवड्यातच कळलं की जुनी फिल्म जशीच्या तशी करता येणार नाही. तिला लागणाऱ्या रसायनांपैकी एकवीस आता कुणीच बनवत नव्हतं. रंग देणारा कारखाना बंद झाला होता, फोटो उमटेपर्यंत त्याला उजेडापासून झाकणारा काळा थर बनवणारे निवृत्त झाले होते. आठ महिने नवीन मिश्रणं चालली. फोटो निळे आले, मग चॉकलेटी आले, मग एक संपूर्ण महिना काहीच आलं नाही. फेब्रुवारीत पहिल्यांदा माणसाचा चेहरा माणसासारखा दिसला. पण त्याच्यावर पांढरे ठिपके होते, देवीच्या व्रणांसारखे. कुठे चार, कुठे चाळीस.

पेस्ट करण्याची कृती मात्र जुनीच होती. अमेरिकन इंजिनिअरांनी लिहून ठेवलेला अकरा टप्प्यांचा कागद. एवढं गरम करा, इतक्या फेऱ्या, चाळीस मिनिटं घोटा, पुड्यांच्या यंत्राकडे सोडा. एग्बेर्ट तो कागद सत्तावीस वर्षं पाळत आला होता.

बदललं होतं ते कारखान्याचं वागणं. युरियान सगळ्यांना अरे-तुरे करायचा आणि आपल्यालाही तसंच म्हणा असा हट्ट धरायचा. त्याने घंटा काढून टाकली. "इथे कुणी शाळकरी मुलं नाहीत," तो म्हणाला. "ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने खावं." जुन्या माणसांना ते पटलं नाही, पण आमच्याकडे मालकाला तसं तोंडावर सांगत नाहीत. माणसं बारा वाजता यंत्रापाशी उभ्याउभ्या चीज घातलेला ब्रेड खाऊ लागली.

मार्चमध्ये ठिपक्यांसकट पहिल्या आठ हजार पेट्या विकायला काढल्या. पेटीवर 'प्रायोगिक' असं छापलं. नऊ दिवसांत त्या संपल्या आणि सहाशेच्या वर तक्रारी आल्या. कुणाच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या नाकावर भोक, कुणाच्या बाळाला एक डोळा नाही. पैसे लावणाऱ्यांनी युरियानला कारण विचारलं आणि युरियानने १२ एप्रिलला सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं.

"ठिपका म्हणजे हवेचा बुडबुडा," तो म्हणाला. "बुडबुडा आहे तिथे पेस्ट पोचत नाही, चित्र उमटत नाही. हवा येते कुठून?"

त्याने एकेकाकडे पाहिलं आणि नजर हेर्मीनवर थांबवली.

"पुडीच्या सीलमधून येऊ शकते?"

"माझं सील हवा खात नाही," हेर्मीन म्हणाली. तिने पिशवीतून काचेचं भांडं काढलं. आदल्या दिवशी तिने शंभर पुड्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. सील कुठे उघडं असतं तर पाण्यात बुडबुडे उठले असते, आणि पाणी सकाळपर्यंत गढूळ झालं असतं. ते स्वच्छ होतं. "हवा पेस्टमध्येच आहे. माझ्याकडे येते तेव्हाच तिच्यात असते. दाबून पाहिली की बोटाला कळतं."

"बोटाला," युरियान म्हणाला. त्याच्या स्वरात चेष्टा नव्हती, त्याने ते फक्त लिहून घेतलं. मग तो एग्बेर्टकडे वळला. "तू पूर्वीपेक्षा काही वेगळं करतोस?"

"नाही."

"काहीही?"

"कागदावर आहे तेच. अकरा टप्पे. अमेरिकन लोक येऊन तपासून जायचे. कधी काही सापडलं नाही."

"एग्बेर्ट," हेर्मीन म्हणाली, "तुला तरी वाटतं का, की हवा माझ्याकडून येते?"

एग्बेर्टने खांदे उडवले. "मला पेस्टचं माहीत आहे, मीन. पुड्यांचं मी काय सांगू?" हेर्मीनला तो मीन म्हणायचा.

खोलीत एवढंच झालं. सतरा दिवसांनी हेर्मीन केक घेऊन आली.

आमच्या गावात तीनशे सत्तर माणसं अशी होती, ज्यांना युरियानने निवडलं नव्हतं. करार वाढवला नाही म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती. बेकरीतली बाई पाव बांधताना म्हणाली, "ठिपके तुझ्याच पुड्यांमुळे होते म्हणे?" हेर्मीनने सुट्टे मोजून दिले आणि पुढच्या आठवड्यापासून ती दुसऱ्या बेकरीत जाऊ लागली. ती दीड किलोमीटर लांब होती. धुलाईघरातली तिची जागा भरली होती. तिथल्या मुकादमाने सांगितलं, उन्हाळ्यात सुट्टीवाल्यांच्या बदली बोलावू. नोकरीचं तिने मनाला फारसं लावून घेतलं नाही. बहिणीला मात्र ती एकदा म्हणाली, "मला परत घेऊ नका. पण सील चांगलं होतं, एवढं त्यांनी लिहून द्यावं."

तिच्या जागी भाड्याने जर्मन यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक तंत्रज्ञ, जो तीन आठवड्यांनी परत गेला. ठिपके होते तसेच राहिले. युरियान म्हणाला, नवीन यंत्राला बसायला वेळ लागतो.

७ जूनला, सोमवारी, पैसे लावणारे पाच जण कारखाना बघायला आले. युरियानने अंगणात लांब टेबल मांडलं, वाटाण्याचं सूप आणि तळलेले गरम क्रोकेट मागवले आणि बरोबर बारा वाजता सगळ्यांना बाहेर बोलावलं. एग्बेर्टच्या पेस्टचा घाणा दोन मिनिटांपूर्वी घोटून झाला होता. पेस्ट सोडायची की नाही असा क्षणभर विचार करून त्याने यंत्र बंद केलं आणि तो हात धुऊन बाहेर गेला. युरियान भाषणाला उभा राहिला आणि त्याच वेळी धोक्याचा भोंगा वाजू लागला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर तो वाजवून बघतात. हेगच्या माणसाला हे आठवलं नाही म्हणून सगळे हसले. जेवण चाळीस मिनिटं चाललं. मग एग्बेर्ट आत गेला आणि त्याने पेस्ट पुढे सोडली.

तीन वाजता चाचणीच्या खोलीतून चाळीस फोटो आले. एग्बेर्टने ते खिडकीपाशी नेऊन एकेक पाहिले. चाळिसांतल्या एकावरही ठिपका नव्हता.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मंगळवारी त्याने एक घाणा लगेच सोडला आणि एक अर्धा तास तसाच ठेवला. पहिल्यात ठिपके आले, दुसऱ्यात नाहीत. बुधवारी पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. तेव्हा त्याला सगळं कळलं, आणि कळण्यासारखं फारसं काही नव्हतंच. जुन्या कारखान्यात प्रत्येक पाळीच्या मध्यावर अर्ध्या तासाची सुट्टी असायची. पाळीला एकच मोठा घाणा असायचा; तो नेमका घंटेच्या वेळी संपेल असा लावायचा, ही त्याचीच पद्धत होती. म्हणजे खाताना यंत्राकडे लक्ष ठेवावं लागत नसे. बाकीच्या घोटणाऱ्यांनाही त्यानेच ती शिकवली होती. सत्तावीस वर्षं पेस्ट रोज अर्धा तास स्वस्थ पडून राहायची आणि तिच्यातली हवा वर येऊन निघून जायची. अमेरिकन इंजिनिअर तपासायला यायचे तेव्हा तेही घंटा झाली की जेवायला जायचे.

गुरुवारी संध्याकाळी तो सायकलवरून हेर्मीनकडे गेला. तिने कॉफी केली, बिस्किटांचा डबा उघडून एक बिस्कीट त्याला दिलं आणि डबा बंद केला. त्याने सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं," ती शेवटी म्हणाली, "तू घंटा झाली की माझ्या समोर येऊन बसायचास. तुझा डबा उघडून नाक मुरडायचास. पुन्हा लिव्हर सॉसेज, म्हणायचास. आणि हे कागदावर नव्हतं?"

"जेवणाची सुट्टी कोण कागदावर लिहितं, मीन?"

"तुला त्याने विचारलं होतं, काही वेगळं करतोस का. मी तिथेच होते."

"मला खरंच वाटलं की मी काही करत नाही. खाणं म्हणजे काही करणं नव्हे."

"ते सोड. मी तुला दुसरं विचारलं होतं. हवा माझ्याकडून येते असं वाटतं का, असं विचारलं होतं. तेव्हा तू खांदे उडवलेस."

एग्बेर्टने बिस्कीट बशीत परत ठेवलं. "युरियानला उद्या सांगतो."

"सांग. आणि पत्र माग. सील चांगलं होतं, चूक पुड्यांची नव्हती. दोन ओळी, खाली सही. मला नोकरी नको."

"दोन ओळी काय, तो आनंदाने देईल."

शुक्रवारी सकाळी त्याने युरियानला सांगितलं. युरियान आधी हसला, मग त्याने एग्बेर्टला मिठी मारली. एग्बेर्टला ते सहन झालं नाही पण तो तसाच उभा राहिला. दुपारपर्यंत कागदावर बारावा टप्पा चढला, 'तीस मिनिटं न हलवता ठेवा'. आठवड्याभरात आमच्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर एग्बेर्टचा फोटो आला. बातमीचा मथळा होता, 'हरवलेला अर्धा तास शोधणारा माणूस'. तो अर्धा तास हरवला कसा आणि त्यापायी कुणाचं काय गेलं, हे बातमीत नव्हतं. बातमीदाराने ते विचारलं नव्हतं आणि एग्बेर्टने आपण होऊन सांगितलं नव्हतं.

पत्राचा विषय त्याने त्याच शुक्रवारी काढला होता.

"पत्र?" युरियान म्हणाला. "पण तिला आपण काढलं कुठे? करार संपला."

"गावात लोक म्हणतात की ठिपके तिच्यामुळे आले."

"लोक काहीही म्हणतात. हे बघ, तसं लिहून दिलं की तिचा वकील म्हणणार, चूक नव्हती तर करार का वाढवला नाही? त्याचं उत्तर मी काय देऊ?" वाईट माणूस नव्हता तो. "थांब, माझ्याकडे याहून चांगलं काहीतरी आहे. तिला नक्की आवडेल."

हे चांगलं म्हणजे काय, ते ऑगस्टमध्ये समजलं. मे महिन्यात बर्लिनमधल्या एका कलादालनात ठिपक्यांच्या फोटोंचं प्रदर्शन झालं होतं. लोकांना ते आवडले होते. प्रत्येक फोटो वेगळा, पुन्हा होणे नाही, असं कुणीतरी लिहिलं आणि मार्चमध्ये तक्रारी करणाऱ्यांतलेच काही जण आता ठिपक्यांची फिल्म मागू लागले. युरियानने दोन प्रकार करायचे ठरवले. साध्या फिल्मची पेस्ट अर्धा तास ठेवायची, खास फिल्मची लगेच सोडायची. खास फिल्म पाच युरो महाग.

पहिली खास पेटी घेऊन एग्बेर्ट हेर्मीनकडे गेला. युरियानने फुलं दिली होती, तीही होती. हेर्मीन अंगणात वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होती. धुलाईघराने तिला सहा आठवड्यांपुरतं बोलावलं होतं आणि घरच्या चादरीही ती आता तशाच चौकोनी घडीत ठेवायची. तिने अंगणातल्या टेबलावर कॉफी आणून ठेवली.

"पत्र आणलंस?"

"पत्र नाही." त्याने पेटी टेबलावर ठेवली. "हे आणलंय."

पेटी पांढरी होती. तिच्यावर नारिंगी अक्षरांत 'हेर्मीन' असं छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत, 'ठिपके आमचे, आठवणी तुमच्या'.

तिने ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ठिपक्यांच्या फिल्मला माझं नाव दिलंय," ती म्हणाली.

"तो म्हणतो, हा मान आहे. पुड्यांच्या बाईचा."

"त्याला माहीत आहे ना, ठिपके माझे नव्हते ते?"

"माहीत आहे."

"मग?"

"म्हणतो, आता ठिपके म्हणजे दोष नाही. दोषच नाही, तर कुणाचा हा प्रश्न उरत नाही."

हेर्मीन खाली बसली. मग तिने पेटीची झाकणपट्टी ओढली. "अगं, उजेडात खराब होईल," एग्बेर्ट म्हणाला, पण हे त्याच्याआधी तिला माहीत होतं. तिने आठही फिल्म्स बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या खालच्या पट्टीवरून अंगठ्याचं नख डावीकडून उजवीकडे नेलं. तिसरीवर ती थांबली, सहावीवर थांबली, आठवीवर थांबली.

"कोपरा कच्चा आहे. आठांत तीन. हे जर्मन यंत्राचं काम." तिने त्या तिन्ही त्याच्याकडे सरकवल्या. "माझ्याकडे हजारात दोन निघायच्या आणि त्या दोन मी घरी येऊन आठवत बसायचे. आता हे माझ्या नावाने जाणार. किती पेट्या आहेत?"

"बारा हजार."

"बारा हजार."

ती उठून आत गेली आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली. कागद तिने त्याच्यासमोर ठेवला, चुरगळू नये म्हणून एका कोपऱ्यावर साखरेची बरणी ठेवली.

"युरियानचं जाऊ दे. तू लिही. मी, एग्बेर्ट लान्सिंक, पेस्ट विभागाचा प्रमुख. हवा पेस्टमध्ये होती. सील चांगलं होतं. खाली सही कर. मी तो बेकरीत नेऊन दाखवेन आणि घरी आणून ठेवेन. छापायला कुणाला देणार नाही."

एग्बेर्टने पेनाचं टोपण काढलं. 'मी, एग्बेर्ट' इतकं त्याने लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं. जुन्या कारखान्यातल्या दारांवरच्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. मग त्याचा हात थांबला. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, एक चक्कर झाली, दुसरी झाली.

"माझा करार डिसेंबरपर्यंत आहे, मीन," तो म्हणाला. "त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. दोन वर्षं काढायचीत."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदाला समांतर ठेवलं.

"कॉफी संपव आणि जा," हेर्मीन म्हणाली.

त्याने कॉफी संपवली.